आमच्या घराण्यात कुणाला बाधत नाही

पॉयझन आयव्ही, ती अंगाला लागली की फोड आणणारी तीन-तीन पानांची रानवेल, आम्हा शूप मंडळींना बाधत नाही, हे मी सगळ्या गावाला ऐकवत आलो होतो. आमचे आजोबा म्हणे ती वेल उघड्या हातांनी उपटायचे. मी पाहिलेलं नाही, पण फुशारकी मारायला पुरावा थोडाच लागतो! आमच्या भागात पोरं चालायला लागली की पहिलं शिकवतात ते हेच, तीन पानं एकत्र दिसली की लांबून जायचं. ते बाकीच्यांसाठी, असं माझं मत होतं.

त्या मे महिन्यात आमची लेक टेसा डेन्व्हरहून येणार होती, ओवेनला घेऊन. माझा पहिला नातू. फोटोत पाहिला होता, फोनवर रडताना ऐकला होता, पण हातात घेतला नव्हता. त्याला परसातल्या मेपलखाली मांडीवर घेऊन बसायचं मी ठरवूनच टाकलं होतं. आणि नेमकी मेपलच्या खोडावर ती वेल शेंड्यापर्यंत चढलेली.

"मर्ल, लांब बाह्यांचा शर्ट घाल," माझी बायको आर्लीन म्हणाली. "हातमोजे काढून ठेवलेत."

"मला होत नाही."

"तुला कशाचंच काही होत नाही. तेच तर तुझं दुखणं आहे."

मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, उघड्या हातांनी, ती केसाळ वेल खोडावरून ओरबाडून काढली. ढीग पेटवायला काडेपेटी काढली, तर आर्लीन स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे, धूर छातीत गेला तर जिवावर बेतेल! कचऱ्याच्या पिशव्यांत भर ते." भरलं. कपाळाचा घाम हातानेच पुसला. मधेच एकदा शेडमागे जाऊन आलो. कशाला, ते विचारू नका. जेवायच्या वेळी बोटं नळाखाली ओली केली, म्हणजे झाली आंघोळ.

दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही, म्हणून आर्लीनला मनसोक्त चिडवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा डोळा उघडेना. हातांवर फोडांच्या रांगा. आणि शेडमागे जाण्याचं फळ जिथे मिळायचं, तिथेही मिळालं होतं.

डॉक्टर बेका लेंट्झ एके काळी मी चालवायचो त्या शाळेच्या बसमधून जायची. तिच्यावर मी किती ओरडलो असेन, देव जाणे.

"अजून कुठे आलंय, मिस्टर शूप?"

मी छताकडे पाहू लागलो.

"शेडमागे गेला होतात ना? लाजू नका. या भागातले निम्मे पुरुष हेच करून येतात." तिने गोळ्या लिहून दिल्या, गुलाबी कॅलामाइन लोशन लावायला सांगितलं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला आणि ओटमील घातलेल्या कोमट पाण्यात बसायला सांगितलं. "काम संपल्यावर लगेच भांड्यांच्या साबणाने घासून धुतलं असतं, तर बरंच टळलं असतं."

"शनिवारी नातू येतोय," मी म्हणालो. "त्याला घेता येईल?"

"फोडांतल्या पाण्याने हे पसरत नाही. पसरतो तो वेलीचा चिकट रस. तो कपड्यांवर, अवजारांवर महिनोन्‌महिने टिकतो. सगळं धुऊन काढा, आणि खुशाल घ्या."

मग आर्लीनने हातमोजे चढवून माझे बूट, बुटांच्या नाड्या, कात्री, दारांच्या मुठी, ट्रकचं स्टीअरिंग, सगळं धुतलं. मी टबमध्ये बसून होतो. जन्मभर नाश्त्याला ज्या ओटमीलला नाकं मुरडली, त्यातच गळ्यापर्यंत.

शनिवारी टेसा आली, तेव्हा मी हात पाठीमागे बांधून पोर्चच्या टोकाला उभा होतो, गुलाबी रंगात बुडालेला.

"डॅड, हे काय सोंग! घे ना त्याला."

"आधी आईकडे दे."

मला भीती वाटत होती, खरंच सांगतो. स्टीअरिंग धुतलं, पण कमरेचा पट्टा? घड्याळ? माझ्या आढ्यतेपायी त्या एवढ्याशा जिवाच्या अंगावर फोड आले तर मी कुठे तोंड लपवू?

"पट्टाही धुतलाय आणि घड्याळही पुसलंय," माझी नजर पट्ट्याकडे गेलेली पाहून आर्लीन म्हणाली. "बस खुर्चीत."

टेसाने माझ्या मांडीवर धुतलेली चादर पसरली आणि ओवेनला ठेवलं. त्याने एक जांभई दिली, माझं बोट मुठीत धरलं आणि झोपला. त्याच क्षणी सगळीकडे खाज उसळली. हातांना, मानेला, आणि तिथेही. सकाळपासून मला सलग पाच मिनिटं स्वस्थ बसवत नव्हतं. आता मी पापणीसुद्धा हलवली नाही. ऊन पोर्चवरून सरकत गेलं, आर्लीनने कॉफी आणून ठेवली आणि ती गार झाली.

"डॅड, तू रडतोयस?"

"खाजतंय."

"मग दे त्याला इकडे आणि घे खाजवून."

"त्याला हात लावून तर बघ," मी म्हणालो.