नावाची सावड

माझा हात आधी उठतो आणि डोकं मागून येतं. धरणगावच्या जिनिंगवर मी बावीस हमालांचा मुकादम आहे, तिथं हे खपतं, उलट कामाला येतं. कापूस ओला निघाला की व्यापारी कट्टी लावून वजन कापतो, शेतकरी आईबहीण काढतो, मग मी मधे पडतो. एकाला दटावतो, दुसऱ्याची गचांडी धरतो, दोघांना अर्ध्यावर आणतो आणि वर चहा पाजतो. मिटलं की मिटलं. मग त्या गाडीचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

माझ्या पोरीचा, भूमिकाचा, धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. फी शुक्रवारपर्यंत भरायची, नाहीतर जागा दुसरीला. सोमवारी आम्ही बापलेक शैक्षणिक कर्जाचे कागद घेऊन बँकेत बसलो. कर्जाचं काम बघणाऱ्या संघमित्रा मॅडमनी माझा पॅन नंबर टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"सुपडूभाऊ, तुमचा स्कोअर पाचशे एक्केचाळीस आहे. साडेसातशेच्या आसपास लागतो. असं मंजूर नाही होणार."

"कसला स्कोअर? मी काय क्रिकेट खेळतो?"

"आधीची कर्जं कशी फेडली त्यावर हे गुण मिळतात. थांबा, पूर्ण रिपोर्ट काढते." मशीनमधून दहा-बारा पानं आली. "यात दोन कर्जं दिसतायत. एक मोटरसायकलचं..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. मोटरसायकल मी जन्मात घेतलेली नाही. ती हिलालची.

हिलाल माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धुळ्यात रिक्षा चालवतो. आमच्याकडे निंदणी-वेचणीला सावड करतात, आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या. पाच वर्षांपूर्वी हिलालला कुरिअरच्या कामासाठी गाडी हवी होती आणि त्याच्या नावावर कुणी कर्ज देईना. मी म्हटलं, घे माझं नाव, हप्ते तू भर. नावाचीही सावड होते असंच आम्ही धरून चाललो. अर्धं गाव तसंच करतं.

"भाऊ, थांबा, सगळं वाचू द्या," मॅडम म्हणत होत्या. मी खुर्ची लाथेनं उडवली. भूमिका "आबा, आबा" करत दारापर्यंत आली. तिला तिथंच सोडून मी स्टँड गाठला.

एसटीत बसलो आणि एरंडोल कधी गेलं, पारोळा कधी गेला, कळलं नाही. माझ्या पोरीची जागा या हरामखोरानं खाल्ली, एवढंच डोक्यात. खिशात फोन वाजत राहिला. भूमिकाचा होता. मी उचलला नाही. पोरीचं रडणं ऐकलं असतं तर राग उतरला असता, आणि मला तो उतरू द्यायचा नव्हता.

धुळ्याला स्टँडबाहेर रिक्षांची रांग होती. हिलाल खाली उकिडवा बसून मागचं चाक बदलत होता. मला बघून हसला. "अरे भाऊ, इतला उनमां? बठ, चहा लेऊत."

चाक खोलायची लोखंडी टामी त्याच्या पायाशी पडली होती. मी ती उचलली.

पहिला फटका पाठीत बसला. तो रिक्षावर आपटला, कपाळ लोखंडी पट्टीला लागून फुटलं. "मन्हं नाव बुडाई टाकं तू! हप्ता काबर भरात नही?" मी ओरडत होतो आणि मारत होतो. रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं होतं. "कोन्ता हप्ता? बठ्ठा भरेल शेतस, भाऊ!" सगळे भरलेत असं तो सांगत राहिला, आणि डोकं वाचवायला त्यानं उजवा हात आडवा धरला. त्या हातावर मी जीव खाऊन टामी घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी तुरकाठी मोडावी तसा आला. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला बरं वाटलं.

मग रांगेतले रिक्षावाले तुटून पडले. मला पाडून लाथांनी तुडवलं, पुढचा एक दात तिथंच पडला. एकानं टामी माझ्या डोक्यावर उगारली तेव्हा हिलालच किंचाळला, "सोडा त्याले! मन्हा साडू शे!"

फोन पुन्हा वाजत होता. धुळीत पडल्या पडल्या मी तो कानाला लावला.

"आबा, कथा शेतस तुम्ही? फोन काबर उचलतस नही?" भूमिका रडत होती. "मॅडमनी बठ्ठं वाची दाखाडं. मावसाना एक बी हप्ता चुकेल नही. खराब शे ते आपला टीव्हीनं शे."

टीव्ही. तीन वर्षांपूर्वी हप्त्यानं घेतला आणि दोन महिन्यांत बंद पडला. दुकानदार परत घेईना, म्हणून रागानं मी हप्ते थांबवले. वसुलीला आलेल्या पोराच्या कानाखाली वाजवली. मग कंपनीचा माणूस आला, चौदा हजार बाकी म्हणाला. मी घासाघीस करून सहा हजारांत मिटवलं, त्यानं तसा कागद दिला आणि मी जिनिंगवर सगळ्यांना भजी खाऊ घातली. आठ हजार वाचवले म्हणून आठवडाभर मिशीला पीळ देत फिरलो. रिपोर्टात ते असं लिहिलं होतं, की या माणसानं कर्ज पुरतं फेडलं नाही, अर्ध्यावर तडजोड केली. एकशेवीस दिवस थकवलं तेही होतं. माझ्या नावावर चांगली म्हणावी अशी एकच ओळ होती आणि ती हिलालनं लिहिली होती.

सरकारी दवाखान्यात त्याच्या हाताला कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर चढलं. तीन महिने रिक्षा बंद. पोलिसांना त्यानं पडलो म्हणून सांगितलं. पुनम, त्याची बायको, माझ्याकडे बघून थुंकली. मी पाय धरायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले.

मंगळवारी बँकेत गेलो. उरलेले आठ हजार भरतो म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "जरूर भरा, कंपनीकडून पत्र घ्या, शेरा बदलेल. पण त्याला महिने लागतात, शुक्रवार गाठता येणार नाही. जवळचा कमावता नातेवाईक सहकर्जदार चालेल, मी साहेबांना विचारलंय. स्कोअर मात्र चांगला हवा." आमच्या नात्यात तसा एकच होता. मी कुठल्या तोंडानं मागू? भूमिकानं मावशीला फोन लावून सगळं सांगितलं, पुनमनं ऐकून घेतलं आणि फोन कापला. घरी पोरगी माझ्याशी बोलेना, आणि माझ्या बायकोनं, रत्नानं, ताट पुढे सरकवण्यापलीकडे माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता बँकेच्या दारात हिलाल उभा होता. गळ्यात हात अडकवलेला, कपाळाला टाके, मागे पुनम. मॅडमनी त्याचा रिपोर्ट काढला. सातशे ब्याऐंशी. कुरिअरच्या गाडीनंतर फ्रीज, मग रिक्षा, सगळं त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं आणि तारखेला फेडलं होतं.

सही डाव्या हातानं जमेना. मॅडमनी दोन साक्षीदार बोलावून अंगठ्याचा ठसा चालवून घेतला. शाईत डावा अंगठा बुडवून तो एकेका पानावर टेकवत गेला, सतरा ठिकाणी. दर पानाला धक्का लागून दुखत होतं, ते त्याच्या ओठांवर दिसत होतं. पान उलटून द्यायला मी हात पुढे केला, तसा तो खुर्चीसकट मागे सरकला. माझ्या हाताला भ्याला होता. भूमिकानं ते पाहिलं, मला बाजूला करून ती त्याच्याजवळ बसली आणि पानं उलटू लागली.

"उद्या दुपारपर्यंत मंजुरीपत्र मिळेल," मॅडम म्हणाल्या.

बाहेर पायरीवर मी त्याला गाठलं. म्हटलं, तीन महिन्यांची कमाई मी देईन, दवाखाना मी देईन, सांगशील ते देईन, पण मिटव.

हिलालनं अंगठ्याची शाई पायजम्याला पुसली.

"तू नाव दिधं व्हतं, मी नाव दिधं. सावड फिटनी. आते तुन्हं मन्हं काही ऱ्हायनं नही."

वीस वर्षांत पहिल्यांदा तो मला भाऊ म्हणाला नाही. भूमिकानं त्याची पिशवी उचलली आणि ती त्या दोघांबरोबर स्टँडकडे चालू लागली. ती वळून बघेल म्हणून मी पायरीवर थांबलो. तिघंही कोपऱ्यावर वळून गेले.