हजेरीतली मथुरा

अन्नपूर्णाबाईंनी निळ्या लोकरीची लडी मथुराच्या दोन्ही मनगटांवर चढवली, टोक शोधलं आणि गुंडाळायला सुरुवात केली. या लडीत बाईंचा फायदा चौपदरी होता. स्वेटरची लोकर गुंडाळून होणार होती. हात अडकलेली पोरगी उठून पळू शकणार नव्हती. पंधरा दिवस हजेरीला तोंड न उघडणारी ही मुलगी बोलती झाली, तर आठवीच्या परीक्षेचे सगळे फॉर्म वेळेत जाणार होते. आणि फॉर्म गेले, तर हेडमास्तर शेषराव जबलपूरच्या प्रशिक्षणाला बाईंचं नाव पाठवणार होते. मुलांच्या मनातलं कसं ओळखावं, हे तिथे दोन महिने शिकवायचे. अख्ख्या शाळेत जागा एकच.

बाईंना ते न शिकताच येत होतं. शाळा सुटली की कुणातरी एकाला त्या थांबवून घेत. दौती धुवायला, नकाशे गुंडाळायला, कधी घरचे मटार सोलायला. हातांना काम दिलं की तोंड सुटतं, हा त्यांचा ठोकताळा. तेव्हा भिलाईत सगळंच नवं होतं. क्वार्टरांना चुन्याचा वास यायचा, रस्त्याकडेची झाडं गुडघ्याएवढी होती, आणि पाचवी ते आठवीच्या पोरांना तर स्वतःचे हातपायही नवे. तेलुगू, पंजाबी, बंगाली, सगळी पोरं मोडक्या हिंदीत बहनजींना आपलं गुपित सांगत आणि हलकी होऊन घरी जात.

मथुरा जवळच्या मरोदा गावाहून चालत यायची. बाप तेजराम भंडाऱ्याकडचा शेतकरी, आता पोलाद कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा मजूर. वर्गात ती 'बहनजी' म्हणे, दोघीच असल्या की 'बाई'.

"कावून वं, हजेरीले मुकी बसतेस?"

लोकर फिरत राहिली.

"फॉर्मवर सही तुहीच तेवढी राहिली."

"ते माह्यं नाव नोहे, बाई."

बाईंनी हात थांबवला नाही. थांबवला असता तर पोरगीही थांबली असती.

"मग कोनाचं?"

"ताईचं. मी पंचफुला."

मथुरा ही थोरली बहीण. गावात चौथी पास झाली. तिला इथे शाळेत घालायचं म्हणून तेजरामनं दाखला काढला आणि त्याच महिन्यात तिचं लग्न जमलं. पोरगी सासरी, दाखला खिशात. पंचफुला तेव्हा दुसरी पास झालेली. काढलेला कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून तेजरामनं तिलाच त्या कागदावर पाचवीत बसवलं. दोन वर्षं वाचली. गावाकडे एका भावाचा जोडा पायात घालून दुसरा लग्नाला जाऊन येई, त्यातलंच हे.

"चार वर्षं तं हजेरीले बोलत होतीस."

"दिवाळीनंतर ताई बाळंतपनाले आली. माह्या वहीवर तिचं नाव पाह्यलं. बोट फिरवत राहिली त्याच्यावर. म्हने, पाह्य बरं, मी अजून शाळेत जाऊन राहिली."

"रडली?"

"नाही ना. हासली." पोरीनं मनगटं जरा वर उचलली. "तवापासून मले हाजरी देता येत नाही."

प्रवेशाचं रजिस्टर त्या वर्षी बाईंनीच लिहिलं होतं. दोनचार फेरे गुंडाळून त्या म्हणाल्या,

"मी अर्ज लिहून देते. घाईत दोघी बहिणींची नावं माझ्या हातून अदलाबदल झाली म्हणते. तुह्या बापाले कोनी विचारणार नाही, तुह्यं वर्षही जाणार नाही."

"तुमाले कोनी काही म्हननार नाही ना?"

"मला काय होते!" बाई म्हणाल्या, आणि एक फेरा हातातून निसटला. "ताईले विचार. परवा सांग. फॉर्म गेला की मंग हेच नाव जन्मभर."

अर्ज बाईंनी त्याच संध्याकाळी लिहिला. अक्षर सुरेख आलं. दुसऱ्या दिवशी शेषराव म्हणाले, "जबलपूरचं पत्र उद्या टाकतो. तुमचं रजिस्टर साफ आहे, वर सांगायला बरं पडतं." चपराशी बाबुलाल नेहमीसारखा दाराशी चहाचे कप गोळा करत रेंगाळला होता. बाईंनी अर्जाची घडी पर्समध्येच राहू दिली. पोरीचं उत्तर तर येऊ दे, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर घंटेच्या आधीच आलं. पंचफुलानं टेबलावरचा टाक उचलला आणि फॉर्मवर गोल अक्षरांत 'मथुरा' लिहिलं.

"ताई काय म्हणाली?"

"म्हने, बदलवून घे. तुह्यं तुले पाह्यजे."

"मग?"

"मीच नाही म्हटलं. तिचं नाव तरी पास होऊ द्या."

बाईंनी पर्सकडे हात नेला. मग फॉर्म उचलून इतर फॉर्मांत ठेवला. पोरगी दाराशी वळली.

"बाई, जबलपूरले थंडी लय रायते म्हने. स्वेटर लवकर विनजा."

"तुले कोनं सांगितलं?"

"बाबुलालनं. लोकर धरली ना, त्याच्याही आधी."

त्या दिवशी हजेरीत तिचं "जी, बहनजी" मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

उरलेली दुसरी लडी बाईंनी घरी एकटीनंच खुर्चीच्या पाठीवर चढवून गुंडाळली. गुंड्याच्या आत घालायला कागदाची घडी लागते, पर्समधली घातली.

जबलपूरला स्वेटरची दुसरी बाही विणताना गुंडा संपला आणि मांडीवर तो अर्ज पडला. बाईंनी तो उलगडून वाचला, पुन्हा घडी केली. सगळ्यांचं ठीक झालं होतं. त्यांना जबलपूर मिळालं, शेषरावांचं रजिस्टर साफ राहिलं, तेजरामची दोन वर्षं वाचली, आणि चुलीपाशी बाळ घेऊन बसलेली मथुरा आठवीच्या परीक्षेला बसली. किंमत भरली ती धाकटीनं एकटीनं, आणि तिचं नाव तेवढ्या त्या एका कागदावर होतं.