झोपेत पकडलेली रोपं

प्रयोगशाळेत तिला सगळे टोचणी म्हणत. जिथे गुपचूप मान डोलवायची, तिथेच हिला नेमका प्रश्न पडायचा. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू असताना तिला शेतीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या पैशांवरची, विद्यावेतनासकट इंटर्नशिप मिळाली होती. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी शिफारस केली की पीएचडीची जागा पक्की. आईने फोनवर बजावलंच होतं, "तोवर तरी तोंडाला कुलूप लाव गं बाई."

ते कुलूप काही टिकलं नाही.

कंपनीचं औषध फवारलं की पाणी तोडलेली रोपं कोमेजत नाहीत, असं दाखवायचं होतं. आधीच्या इंटर्नचं ते दाखवूनही झालं होतं. फवारलेली रोपं टवटवीत, न फवारलेली मान टाकलेली. टोचणीने त्याचे फोटो नीट पाहिले आणि तिचं डोकंच सणकलं. टवटवीत रोपांचे फोटो सकाळचे होते, न फवारलेल्यांचे दिवेलागणीचे. ही रोपं शेंगांच्या जातीची, अंधारू लागलं की पानं मिटून झोपणारी. पठ्ठ्याने झोपलेल्यांना कोमेजलेली ठरवून टाकलं होतं.

"मॅडम, रोपं कोमेजली नव्हती. झोपली होती."

मॅडमनी मान वर केली नाही. "अहवाल गेलाय. तुला मोजायला ठेवलंय, तेवढं कर. आणि उद्या कंपनीचे साहेब येतायत. शहाणपणा नकोय."

"किती वाजता येतायत?"

"संध्याकाळी."

"बरं," टोचणी म्हणाली. इतक्या शहाण्या मुलीसारखं ती आजवर कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब काचघरात आले तेव्हा बाहेर अंधारत होतं. तिने दोन ट्रे शेजारी शेजारी मांडले होते. एक फवारलेला, एक न फवारलेला, आणि दोन्हीकडे पानं मिटलेली.

"आमचं औषध कशावर मारलंय?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच ओळखा ना, सर."

साहेबांनी डावीकडे बोट केलं, मग उजवीकडे, मग मॅडमकडे पाहिलं. मॅडम घाईघाईने त्यांना चहाला घेऊन गेल्या.

परत आल्या त्या एकट्याच, रागाने लाल होऊन. "शिफारस विसर. उद्यापासून यायचं नाही."

 आईला काय सांगायचं, या विचाराने टोचणीला रडूच येणार होतं. पण त्याहून जास्त राग आला होता.

"सकाळी येणार, मॅडम. पानं उघडली की कुठली किती कोमेजलीयत ते मोजते. औषध चांगलं असेल तर तसं लिहीन."

"आणि नसेल तर?"

"तर तसं लिहीन."

मॅडमनी हात पुढे केला. "काचघराची किल्ली दे."

टोचणीने किल्ली मुठीत घट्ट आवळली आणि मूठ पाठीमागे नेली.