रविवारी मिळणारं पिस्तूल

"काका, आज पिस्तूल बुक केलं," सुशांत पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "रविवारी संध्याकाळी हातात मिळेल. या राज्यात तीन दिवस थांबायला लावतात."

कृष्णरावांनी आमटीची वाटी खाली ठेवली. नेपरव्हिलच्या त्या घरात आता दोघंच जेवत. बायको शोभना गेल्यावर कृष्णरावांनी बेसमेंट सुशांतला राहायला दिलं होतं. चाळिशी ओलांडलेला, पुण्याचा. त्याची बायको नेत्रा मुलीला, सियाला, घेऊन चँडलरला भावाकडे निघून गेली होती आणि जानेवारीत त्याची नोकरीही गेली. तरी दारापुढचा बर्फ काढणं, कचऱ्याचे डबे बाहेर नेणं, कृष्णरावांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, हे सगळं तो न सांगता करायचा.

"पिस्तूल कशाला रे?"

"शूटिंग रेंजवर जाईन. टाइमपास." तो हसला, पण त्याचे डोळे ताटावरच होते. "सोमवारी जुन्या ऑफिसात टाउन हॉल आहे, सगळ्यांची मोठी मीटिंग. मला काढणारे सगळे एका खोलीत बसून केक कापणार. कापू दे. त्यांना वाटतंय, मी संपलो."

"म्हणजे तू काय करणार आहेस?"

"काही नाही हो, काका. आमटी मस्त झालीये."

त्याने दोघांची ताटं उचलली, घासली आणि तो खाली गेला.

कृष्णराव टेबलाशीच बसून राहिले. दोन वर्षांपूर्वी शोभना टेक्सासमध्ये, शुगर लँडला बहिणीकडे गेली होती. कोथिंबीर आणायला म्हणून दुकानात गेली, ती परत आली नाही. एका माणसाने त्या दुकानात सात जणांना मारलं, त्यांतली ती एक. त्या माणसाची नोकरी गेली होती. बंदूक त्याने त्याच दिवशी सकाळी रीतसर विकत घेतली होती. तिथे थांबायला लावत नाहीत. सकाळी घेतली, दुपारी चालवली.

तेव्हापासून अशी बातमी आली की कृष्णराव ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. गाव वेगळं, दुकान नाहीतर शाळा वेगळी. पण बातमीच्या तळाशी बहुतेकदा तेच सापडायचं. काहीतरी हातातून सुटलेला एक पुरुष असायचा, त्याने नुकतीच बंदूक घेतलेली असायची, आणि आधी तो कोणापाशी तरी काहीतरी बोललेला असायचा. टेक्सासच्या त्या माणसाचा रूममेट टीव्हीवर म्हणाला होता, "मला वाटलं, नुसतं बोलतोय." कृष्णरावांनी मारणाऱ्यापेक्षा त्या रूममेटला जास्त शिव्या घातल्या होत्या.

आता रूममेट ते स्वतः होते.

शुक्रवारी सकाळी सुशांत जिमला गेल्यावर त्यांनी कुमारला बोलावलं. कुमार त्यांचा जुना मित्र, निवृत्त डॉक्टर, मराठी मंडळातला वडीलधारा. त्याने सगळं ऐकलं, सुशांतला पिस्तूल मिळू नये म्हणून कोर्टात अर्ज करायचा बेतही ऐकला, आणि कपाळाला हात लावला.

"कोर्टात जातोस? वेडा आहेस का? ग्रीन कार्डवर आहे तो. बॅकग्राउंड चेकमध्ये हे आलं की नोकरी विसरा."

"आणि सोमवारी काही केलं तर?"

"अरे, गणपतीत पाच दिवस साउंड सांभाळतो तो! आपली माणसं असलं काही करत नाहीत, यार."

"आपली माणसं पिस्तूलही घेत नव्हती."

"आणि तुझ्या कायद्याने काय होणार? मनात असलं तर माणूस कुठूनही मिळवतो."

"कायद्याने मला रविवारपर्यंत वेळ दिलाय, कुमार. शोभनाच्या वेळी कोणालाच मिळाला नाही."

कुमारने खुर्ची जवळ ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, उद्या त्याला माझ्याकडे जेवायला आण. मी, तू, मंडळातला अरुण, तिघं बसून समजावू. घरातली गोष्ट घरात राहील."

मंडळात पंचवीस वर्षं असंच चालत आलं होतं. कोणाचं पिणं वाढलं, कोणी बायकोवर हात उचलला, की दोन-तीन काका त्याला जेवायला बोलवत आणि समजावत. कधीकधी उपयोगही होई. कृष्णराव स्वतः अशा कितीतरी जेवणांना जाऊन बसले होते.

"शनिवारी त्याने नाही ऐकलं तर?" त्यांनी विचारलं. "कोर्ट सोमवारी उघडतं."

कुमार कोट चढवून निघाला. तो गेल्यावर कृष्णरावांनी गाडी काढली. नीट दिसत नसल्यामुळे वर्षभरात ते एकटे हायवेवर गेले नव्हते. व्हीटनच्या कोर्टापर्यंत त्यांनी उजवी लेन सोडली नाही. मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले.

खिडकीतल्या बाईने फॉर्म दिला. कोणाला धोकादायक माणसापासून बंदूक दूर ठेवायची असेल, तर नातेवाईक किंवा एकाच घरात राहणारा माणूस असा अर्ज करू शकतो. 'एकाच घरात राहतो' यापुढे त्यांनी खूण केली. गुरुवारी रात्री जेवताना सुशांत जे बोलला, ते तसंच्या तसं लिहून काढलं.

कॉरिडॉरमध्ये बसले असताना फोन वाजला. सुशांत.

"काका, कुमारकाकांचा फोन आला होता. उद्या जेवायला ये म्हणाले. तुम्हाला माझी फार काळजी वाटते म्हणे."

समजावण्याच्या घाईत कुमारने घोळ घालून ठेवला होता.

"काय काळजी वाटते, काका?"

"सहज रे. तू हल्ली गप्प असतोस."

"गाडी दिसत नाहीये. कुठे आहात?"

"डॉक्टरकडे."

"डॉक्टरकडे तर मी नेतो. तुम्ही हायवेवर ड्राइव्ह करत नाही. कुठल्या डॉक्टरकडे? मी येतो."

"नको," कृष्णराव म्हणाले आणि फोन ठेवला. तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं.

न्यायाधीश बाई पन्नाशीच्या होत्या. अर्ज वाचून त्यांनी विचारलं, "त्याने तुम्हाला कधी धमकी दिली का?"

"नाही. फार चांगला आहे तो," कृष्णरावांच्या तोंडून निघून गेलं. "घरच्यासारखा. माझी सगळी कामं करतो. मंडळात सगळ्यांचा लाडका. सज्जन घरातला मुलगा."

परक्यांसमोर आपल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं, ही आयुष्यभराची सवय. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग हा अर्ज कशासाठी? तुम्ही मला सांगताय की तो धोकादायक नाही."

घड्याळात तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती; कोर्ट बंद व्हायला आलं होतं. पेन टेबलावर पडलेलं कृष्णरावांना दिसत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"बाई, मी चुकीचं बोललो," ते म्हणाले. "तो माझ्याशी चांगला आहे, आणि मला त्याची भीती वाटते. दोन्ही खरं आहे. त्याची नोकरी गेली, बायको सोडून गेली. काल त्याने पिस्तूल बुक केलं. सोमवारी त्याला काढणारे सगळे एका खोलीत असतील, असं तो मला हसत सांगत होता. माझी बायको अशाच एका माणसाने मारली. त्याच्या घरात राहणाऱ्याला वाटलं होतं, नुसतं बोलतोय. मला तसं म्हणायची वेळ यायला नको."

बाईंनी आणखी चार प्रश्न विचारले. वेळ, वार, नेमके शब्द. मग पेन उचललं. चौदा दिवसांसाठी तात्पुरता आदेश. मग पुन्हा सुनावणी, तेव्हा सुशांतही समोर असेल. बंदुकीच्या दुकानाला आजच कळवलं जाईल.

ते घरी पोचले तेव्हा पोलिसांची गाडी दाराशी होती. दोघे अधिकारी सुशांतचं बंदूक-परवान्याचं कार्ड घेऊन, त्याच्या हातात कागद देऊन बाहेर पडत होते. त्यांतल्या एकाने विचारलं, "तुम्ही आज दुसरीकडे राहता का?" कृष्णराव नाही म्हणाले आणि आत गेले.

सुशांत जिन्यापाशी उभा होता. कोर्टाचा कागद त्याच्या हातात होता.

"यावर तुमचं नाव आहे, काका."

"हो."

"तुमच्या ताटाला ताट लावून जेवलो मी. आणि जेवताना बोललेलं तुम्ही कोर्टात लिहून दिलंत?"

"सगळं."

"मी काही करणार नव्हतो!" तो इतक्या जोरात ओरडला की कृष्णराव मागे सरले आणि त्यांची पाठ दाराला टेकली. "उद्या सगळ्या मंडळात होईल हे. नेत्राला कळेल. सियाला कळेल. कळतंय का तुम्हाला, काय केलंत?"

"कळतंय."

तो दोन पावलं पुढे आला. कृष्णरावांना त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. हात वर होणार असं वाटून त्यांनी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा सुशांत जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"ऑफिसच्या पार्किंगपर्यंत जाणार होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "सोमवारी. तेवढंच ठरवलं होतं. तिथे गाडीत बसायचं. पुढचं... पुढचं मला माहीत नव्हतं, काका."

कृष्णरावांनी कोट न काढताच खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसले.

"नेत्राला फोन लाव," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तू सांग. मी इथेच बसतो."

सुशांतने बऱ्याच वेळाने खिशातून फोन काढला.