डाव्या हाताची सुरी

विजयकुमार प्लॅनिंग इंजिनिअर होते. दूध उतू गेलं तरी हा माणूस आधी कारण लिहून काढील आणि मग गॅस बंद करील, असं त्यांची बायको मृणालिनी म्हणायची. त्यामुळे रुवैसच्या पोस्टिंगचं पत्र आल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडून एक्सेल शीट केली याचं तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते शीटच्या नावाचं. ‘मृणाल – सिंगल हॅन्ड रिस्क’.

आठ महिन्यांपूर्वी मृणालिनीला अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणंही सावरलं. विजयकुमारांच्या मते जरा जास्तच सावरलं. उजवा हात मात्र मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा नुसता शेजारी बसून असायचा. कशाला हात म्हणून लावायचा नाही.

आता कंपनी विजयकुमारांना दोन वर्षं आखातातल्याच पण दूरच्या रुवैसला, तेलाच्या प्रकल्पावर पाठवत होती. रविवारी दुपारी जायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत. नाही म्हणायची सोय नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षी नाही म्हणणाऱ्याला कंपनी केक कापून निरोप देते. एचआरनं एकच विचारलं होतं, इथला डिस्कव्हरी गार्डन्समधला फ्लॅट ठेवणार की सोडणार? उत्तर शुक्रवारपर्यंत. फ्लॅट सोडला तर मृणालिनीनं पुण्याला जायचं, जाऊबाईंकडे. वैभवीवहिनींनी मागची खोली झाडून ठेवली होती. पलंगाशेजारी घंटासुद्धा ठेवली होती म्हणे, काही लागलं तर वाजवायला.

त्या घंटेनंच मृणालिनीचं डोकं फिरलं.

“मी देव आहे का, घंटा वाजवायला?” ती म्हणाली. “मी इथंच राहणार. माझ्या घरात.”

“आणि हे?” विजयकुमारांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. सात ओळी लाल होत्या. डाळीचं पाकीट, औषधाच्या बाटलीचं सील, कुरिअरचा खोका, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, असं करत करत सातवी ओळ होती ‘पुण्याहून आलेलं पार्सल’. “एका हातानं यातलं काय उघडतेस सांग. कात्री डाव्या हातात चावते नुसती, कापत नाही. आणि उघडी सुरी मी घरात ठेवणार नाही. एकदा पायावर पडता पडता वाचली आहेस.”

हे खरं होतं. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या वरच्या कपाटात कुलपात होत्या आणि भाजी चिरायचं काम विजयकुमार ऑफिसला जायच्या आधी उरकत होते. प्रत्येक फोड एका मापाची.

“मिटलेली सुरी चालेल?”

“मिटलेली चालेल. पण उघडणार कोण?”

उत्तर शुभ्रानं दिलं. लेक टोरांटोला शिकत होती. तिनं एक व्हिडिओ पाठवला. बोटभर लांबीची खिशातली सुरी, बाजूला बटण. बटण दाबलं की खट्‌! पातं बाहेर. एका हाताचं काम.

“आई, धिस इज परफेक्ट फॉर यू. जस्ट वन क्लिक.”

मृणालिनीनं तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. मग कपाटातून तीन पंजाबी ड्रेस काढले आणि खालच्या टेलरकडून तिन्हींना डाव्या बाजूला खिसे शिवून घेतले. सुरी अजून यायची होती, पण खिसा तयार होता.

मंगळवारी विजयकुमार ऑफिसला गेल्यावर तिनं एका कापडी पिशवीत डाळीचं पाकीट, सिरपची बाटली, एक जुना खोका, कोथिंबिरीची जुडी भरली, पिशवी डाव्या खांद्याला अडकवली आणि मेट्रोनं शहराच्या जुन्या भागातलं करामा गाठलं. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली होती. ही गोष्ट शीटमध्ये नव्हती म्हणून बरं, नाहीतर तीही लाल झाली असती.

करामात हमीदभाईंचं कुलपं, चाव्या, कात्र्या-सुऱ्यांचं दुकान होतं. हमीदभाई मूळचे दापोलीचे. तीस वर्षं इथं काढूनही मराठी गिऱ्हाईक दिसलं की त्यांच्या हिंदीला आपोआप सुट्टी मिळायची.

“या ताई. काय देऊ?”

मृणालिनीनं फोन पुढे केला. व्हिडिओ पाहून हमीदभाईंनी फोन काउंटरवर पालथा ठेवला.

“खलास. हे मी ठेवत नाही.”

“का?”

“बटणाची स्प्रिंगवाली सुरी या देशात खिशात घेऊन फिरायची भानगड नको. पोलिसांनी विचारलं तर तुम्ही काय सांगणार, कोथिंबीर कापायला आणली?”

“हो. तेच सांगणार. कोथिंबीर आणलीय सोबत.” तिनं पिशवी काउंटरवर ठेवली.

हमीदभाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं, मग तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि स्टूल पुढे सरकवलं.

“बसा. चिडू नका. कायदा बाजूला ठेवा. हा व्हिडिओ परत बघा आणि मला सांगा, बटण कुठल्या बाजूला आहे?”

तिनं पाहिलं. सुरी धरणाऱ्या माणसाचा उजवा अंगठा अलगद बटणावर पडत होता. तिनं फोनच सुरीसारखा डाव्या मुठीत धरून पाहिला. अंगठा भलत्याच बाजूला गेला.

अकरा वेळा पाहूनही हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. चोपन्न वर्षं ती उजव्या हातानं जगली होती. बटणाला बाजू असते हे तिच्या गावीही नव्हतं. तिला स्वतःचाच असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं ते राहू दिलं. पुसायला हात मोकळा नव्हता. त्यात फोन होता.

“सगळं जग उजव्या हाताचंच आहे, ताई,” हमीदभाई म्हणाले. “आणि आणखी एक. गिऱ्हाईक येतं ते उघडायची मजा बघून येतं. उघडायला काय, सगळ्याच उघडतात. सुरी निवडताना मिटते कशी ते बघायचं. बोटं उघडताना कापत नाहीत, मिटवताना कापतात.”

त्यांनी पहिली सुरी दिली. छान हलकी होती, उघडलीही. मिटवायला मात्र मुठीच्या आतली पट्टी अंगठ्यानं दाबून धरायची आणि पातं दुसऱ्या हातानं ढकलायचं. दुसरा हात नाही म्हणून तिनं मांडीवर टेकवून ढकललं, तर अंगठा पात्याच्या वाटेतच.

“ही नको.”

दुसरीचं टोक सुईसारखं. “ही पायावर पडली तर आमच्याकडे नवी शीट उघडेल. नको.”

तिसरी जाड. खिशात घातली तर ड्रेस एका बाजूला ओघळला.

“तुम्ही लग्नाची साडी अशीच घेतलीत का हो?” हमीदभाईंनी विचारलं.

“नाही. ती सासूबाईंनी घेतली होती. म्हणून तर आता निवडून घेतेय.”

हमीदभाई हसले आणि आतल्या खणातून चौथी घेऊन आले. अडीच इंची पातं, टोक बकरीच्या खुरासारखं बोथट. बटण नाही, स्प्रिंगची उडी नाही. पात्याला दोन्ही बाजूंनी छोटी बोंडं होती. अंगठ्यानं ढकललं की पातं उघडून घट्ट बसायचं. पात्याच्या मुळाशी एक आडवी खुंटी होती, दोन्हीकडून मुगाच्या दाण्याएवढी बाहेर आलेली. ती अंगठा आणि बोटानं मागं ओढली की पातं सैल. मनगट जरा खाली झटकलं की पातं मुठीत. बोटं वाटेत कुठंच नाहीत. डावा-उजवा असा भेदभावही नाही.

हमीदभाईंनी धारेवर चिकटपट्टी लावली. “आधी अशी शिका. पन्नास वेळा. तोवर मी चहा सांगतो.”

पहिल्या दहा वेळा तिनं सुरी काउंटरवर पाडली. एक फिलिपिनो बाई चावी करून घ्यायला आली, बघत उभी राहिली आणि “यल्ला, मॅडम!” असा अरबी ‘चला, चला’ ठोकून टाळी देऊन गेली. तिसाव्या वेळेला मनगटाला कळलं. पन्नासाव्यापर्यंत चहा गार झाला होता. मग हमीदभाईंनी चिकटपट्टी काढली आणि तिनं डाळीचं पाकीट काउंटर आणि पोट यांच्यामध्ये दाबून धरून फोडलं. पाव किलो तूरडाळ दुकानभर झाली.

“सुरी चांगलीय,” ती म्हणाली. “पाकीट धरायचं तंत्र चुकलं.”

“एकशे चाळीस दिरहम.”

“म्हणजे तेहतीसशे रुपये!”

“एकशे तीस. डाळ मी झाडतो. आणि हे बघा, मेट्रोनं जाऊ नका, टॅक्सी करा. मॉलमध्ये, विमानतळावर न्यायची नाही. घरातल्या घरात रोज खिशात ठेवा. तिची जागा ती.”

गुरुवारी संध्याकाळी विजयकुमार लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. मधले दोन दिवस ती कशाचा सराव करत होती हे त्यांना कळू नये म्हणून तिनं सरावात कापलेले तीन खोके शेजारणीकडे टाकले होते.

तंत्र आता सापडलं होतं. पाकिटाची कड ड्रॉवरमध्ये घालायची, कमरेनं ड्रॉवर दाबायचा, मग कापायचं. डाळ, सील, खोका, कोथिंबीर. एकेक ओळ हिरवी होत गेली. सहा झाल्या. प्रत्येक वेळी सुरी मिटून खिशात, मगच पुढची वस्तू.

सातवं वैभवीवहिनींचं पार्सल. परदेशी जाणाऱ्याच्या सामानातून फुटू नये म्हणून वहिनी आधी प्लास्टिक, मग वर्तमानपत्र, मग जुन्या चादरीचं कापड शिवून आणि त्यावर तपकिरी चिकटपट्टीचे इतके वेढे द्यायच्या की आत मेतकूट आहे की हिरे, असा प्रश्न पडावा.

पार्सल ड्रॉवरमध्ये जाईना. तिनं ते सिंकच्या कोपऱ्यात कोपरानं दाबलं. ते निसटून खाली पडलं. विजयकुमार उठले.

“बसा.”

“अगं, नुसतं धरतो...”

“अहो, बसा म्हणते ना!”

ते बसले. तिनं सुरी मिटली, खिशात घातली, वाकून पार्सल उचललं. या खेपेला तिनं ते जमिनीवरच ठेवलं, स्टूलवर बसली आणि दोन्ही पायांच्या मध्ये पकडलं. सुरी उघडली. पातं स्वतःकडे नाही, बाहेरच्या दिशेनं. चिकटपट्टी, कापड, कागद. चार मिनिटं लागली. कपाळावर घाम आला. मग पिवळ्या पुडीचा वास सगळ्या स्वयंपाकघरात सुटला.

विजयकुमारांनी सातवी ओळ हिरवी केली.

“पण समजा, ताप आला...”

“तेव्हा फोन करीन. रुवैस काही चंद्रावर नाही.”

“समजा, बाथरूममध्ये...”

“समजाची शीट रुवैसला जाऊन करा. संध्याकाळी वेळ जाईल. आता मेल लिहा.”

त्यांनी मेल लिहिलं. ती खांद्यामागे उभी राहून वाचत होती. फ्लॅट ठेवत आहोत, सब्जेक्ट टू माय वाइफ्स हेल्थ.

“ते सब्जेक्ट टू काढा.”

“अगं, ऑफिसच्या भाषेत असं लिहावं लागतं. सेफ राहतं.”

“तुम्ही तीस वर्षं सेफ लिहिताय. माझ्या घराचं वाक्य आहे ते. फ्लॅट ठेवत आहोत. पुढे टिंब.”

विजयकुमारांनी एकेक अक्षर मागं जात पुसलं. टिंब दिलं. बोट सेंडवर ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. चष्म्यामागचे त्यांचे डोळे ओले झाले होते. तिनं ते पाहिलं आणि नजर स्क्रीनकडे वळवली. एवढी मोकळीक नवऱ्याला द्यावी.

मेल गेलं.

आणि गेल्यावर मात्र मृणालिनी मनातल्या मनात मोजू लागली. पाच दिवस. पाच दुपारी, पाच संध्याकाळी, आणि घरात फक्त आपलाच आवाज. तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली. खुर्चीच्या हातावरचा त्यांचा हात डाव्या हातानं धरला, घट्ट.

“रविवारी किती वाजता निघायचंय?” तिनं विचारलं.