वस्तादांचा शब्द

झटका येऊन गेला तेव्हा वस्तादांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा मागे राहिला. घर साफ करून नेणाऱ्या चोरानं कोपऱ्यात एक फुटकी वाटी टाकून जावी, तसा. तो शब्द होता ‘उलटं’.

तोच का उरला, याचं कुणाला नवल वाटलं नाही. वस्तादांनी तीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त केल्या होत्या, आणि हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला दिवसातून पन्नास वेळा हेच ऐकवलं होतं. वायसर उलटं बसवलंस. झाकण उलटं. डोकं उलटं आहे का तुझं? जीभ ज्या वाटेनं सर्वांत जास्त गेली होती, ती एकच वाट आता तिला सापडत होती.

पाणी हवं असलं की उलटं. नको असलं तरी उलटं. शेजारीण तब्येत विचारायला आली की तिलाही उलटं. आतमध्ये वस्तादांना सगळं कळत होतं. ‘पाणी’ हा शब्द पार ओठांपर्यंत यायचा, आणि बाहेर पडताना ‘उलटं’ होऊन पडायचा. मानेचंही तसंच. हो म्हणायचं असलं की मान आडवी हलायची आणि नाही म्हणायचं असलं की उभी, तीही रोज नाही. पहिले दोन महिने बायकोनं प्रत्येक ‘उलटं’चा अर्थ लावायचा प्रयत्न केला. मग थकली. आता तो शब्द तिच्या कानावर पडायचा तो भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखा.

त्या दिवशी सकाळी अकराला तिनं मोटारसायकल घरामागच्या फरशीवरून बाहेर काढायला घेतली आणि मागचं चाक बसलेलं दिसलं. रिम जमिनीला टेकायची तेवढी बाकी होती.

दोन वाजता तिची पाळी सुरू व्हायची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती नवी लागली होती. पहिल्या तीन महिन्यांत तीनदा उशीर झाला की नाव कमी, असा तिथला नियम. दोनदा झाला होता. पहिल्यांदा वस्ताद न्हाणीघरात पडले म्हणून. दुसऱ्यांदा ते पडले नव्हते, नुसते रडायला लागले होते आणि डाव्या हातानं त्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं. तिच्यानं ती बोटं सोडवली गेली नाहीत. आज तिसरी वेळ आली तर घरात येणारा एकुलता एक पगार थांबणार होता. बस सकाळी आठला जायची, नंतर थेट संध्याकाळी सहाला.

पंक्चरवाल्याचं दुकान त्या दिवशी बंद. मग तिनं बारातेराला फोन लावला. हा वस्तादांचा सर्वांत जुना शागीर्द. अंगानं इतका काटकुळा, की बारा-तेरा नंबरचा पाना म्हणूनच सगळे त्याला ओळखायचे. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. तो दुसऱ्या गावी सुटे भाग आणायला गेला होता, चार वाजल्याशिवाय काही परतत नव्हता. वहिनी, तोवर हात लावू नका, असं त्यानं बजावलं.

चार वाजेपर्यंत थांबून तिला चालणार नव्हतं. तिनं वस्तादांची खुर्ची मागच्या दाराच्या उंबऱ्याशी ओढली, हत्यारांची पेटी उघडली आणि म्हणाली, “तीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमचं गॅरेज बघत आले. आज तुम्ही बघा.”

वस्तादांना हसू आलं. चेहऱ्याची डावी बाजू हसली.

तिनं गाडी मधल्या स्टँडवर चढवली. नळीचा पाना एक्सलच्या नटाला लावला आणि जोर केला. नट हलेना. बाजू बरोबर होती, फक्त जोर आणखी हवा होता. पान्यावर पाय दे, असं वस्तादांना म्हणायचं होतं.

“उलटं,” ते म्हणाले.

ती थांबली. किती दिवसांनी तिनं तो शब्द खरा धरला. पाना काढला, उलट्या बाजूनं लावला आणि अंगातलं सगळं बळ लावलं. नट आणखी आवळला गेला, पाना सटकला आणि तिची मूठ सायलेन्सरवर आदळली. दोन बोटांची सालं निघाली. फडक्याची पट्टी बोटांना गुंडाळली, पाना पहिल्या बाजूनं लावला, त्यावर उभी राहिली आणि नट कडकन सुटला.

“आजपासून तुमचं ऐकायचं नाही,” ती म्हणाली. रागानं नाही, पण ठरवून.

वस्तादांनी तोंड मिटून घेतलं. आता नुसत्या हातानं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं आणि तेवढा वेळ ते जमलंही. ब्रेकच्या सळईचा नट काढायचा राहिला होता, तिकडे त्यांनी डाव्या हातातली काठी केली, तिला समजलं. मॉडेल जुनं, चेन सोडल्याशिवाय चाक बाहेर येत नव्हतं. चेनचं लॉक म्हणजे नखाएवढी पोलादी पट्टी, माशाच्या आकाराची. तिनं ती पक्कडीनं उचकटली आणि तेलाच्या झाकणात जपून ठेवली. एक्सल ओढला, चाक तिरकं करून बाहेर घेतलं आणि फरशीवर आडवं टाकलं.

टायर काढताना तिच्या नाकी नऊ आले. टायर उचकटायची एक लोखंडी पट्टी पायाखाली दाबायची, दुसरी पुढे सरकवायची, तोवर पहिली उसळायची. पण ट्यूब निघाली. हवा भरून परातीतल्या पाण्यात बुडवली तेव्हा एका जागेवरून बारीक बुडबुडे यायला लागले. ती जागा तिनं घासली, सोल्यूशन लावलं आणि वाळायला ठेवलं. पॅच चिकटवला, हातोडीच्या दांड्यानं दाबला. तेव्हा वस्तादांनी डाव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळली, पुन्हा चोळली आणि टायरकडे बघितलं.

ती क्षणभर बघत राहिली. मग टायरच्या आतून हळूच बोटं फिरवली. एका ठिकाणी टोचलं. पक्कडीनं तिनं तारेचा एक तुकडा ओढून काढला, नाहीतर नवा पॅच घरापासून कोपऱ्यापर्यंतही टिकला नसता.

“अगं बाई,” ती म्हणाली आणि तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. पाच महिन्यांत दोघांमधलं एक बोलणं पहिल्यांदा नीट पोचलं होतं. वस्तादांनी मूठ मिटली.

चाक परत बसवेपर्यंत एक वाजून गेला. लॉक लावायला ती चेनच्या बाजूला उकिडवी बसली, तिची पाठ वस्तादांकडे. काय चाललंय ते त्यांना दिसेना. लॉक लावायची एक रीत होती. गॅरेजमध्ये ती प्रत्येक शागिर्दाला पहिल्याच आठवड्यात सांगितली जायची: मासा डोक्याकडून पोहतो. पट्टीची बंद बाजू, म्हणजे डोकं, चेन धावते त्या दिशेला ठेवायचं. फाटकी शेपटी मागे. शेपटी पुढे आली तर कशाला तरी अडून पट्टी निघते, चेन सुटते. सुटून नुसती पडली तर नशीब. चाकात अडकली तर गाडी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो.

हे गॅरेजमधलं बोलणं. स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत ते कधी आलं नव्हतं.

तिनं नट आवळला, उठली आणि चाक हातानं फिरवून बघितलं. चेन मागून वर आली आणि पुढे सरकली. पट्टी उन्हात चमकली. शेपटी पुढे होती.

“उलटं,” वस्ताद म्हणाले.

ती हत्यारं पेटीत टाकत होती.

“उलटं. उलटं.” त्यांनी काठी उचलली आणि चेनकडे रोखली. काठी थरथरत होती. टोक कधी चेनवर जायचं, कधी सायलेन्सरवर, कधी तिच्या पायावर. तिनं वाकून पाहिलं. चेनवर तेल जास्त झालं होतं. फडक्यानं पुसलं.

“झालं?”

“उलटं.”

तिनं पट्टी बांधलेली बोटं त्यांच्यासमोर धरली. “मघाशी तुमचं ऐकलं, त्याचा हा प्रसाद. चाक फिरतंय, ब्रेक लागतोय, हवा टिकलीय. आता काय उलटं राहिलं?”

वस्तादांनी तिचं मनगट धरलं. पाच महिन्यांत त्या एका हाताला दोन हातांचं बळ आलं होतं. ते तिला खाली ओढत होते, चेनकडे, आणि तोंडातून एकामागून एक तेच येत होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मागच्या वेळी आलं होतं तसंच.

तिनं घड्याळाकडे बघितलं. मग एकेक करून त्यांची बोटं सोडवली. करंगळी आधी, अंगठा शेवटी.

“हो. उलटंच आहे सगळं,” ती हळू म्हणाली. “पण मला जाऊ द्या.”

तिनं त्यांची खुर्ची आत घेतली, पाण्याचा पेला डाव्या हाताशी ठेवला आणि दाराला बाहेरून कडी घातली. किक बसली. वस्ताद ऐकत राहिले. पहिला गिअर. दुसरा. कोपऱ्यावर तिसरा. मग काही नाही.

सगळी दुपार त्यांनी मनातल्या मनात ती गाडी चालवली. सपाट रस्त्यावर पट्टी टिकेल. गावातल्या दवाखान्यापुढच्या खड्ड्यांत हिसके बसतील, तरीही टिकेल कदाचित. पण पुलाचा चढ? तिथं ती दुसरा गिअर टाकणार, चेन ताणली जाणार. आणि पुलावर मालाचे ट्रक मागून भरधाव येतात.

चार वाजता शेजारीण चहा घेऊन आली. वस्तादांनी तिला सांगायचा प्रयत्न केला. बाई प्रेमळ, उत्साही आणि हलक्या कानाची. “काय उलटं, भाऊजी?” म्हणत तिनं आधी उशी उलटी केली. मग अंगावरची चादर. मग जरा विचार करून तिनं खुर्चीच उलटी फिरवली आणि दाराकडे असलेलं त्यांचं तोंड भिंतीकडे गेलं. “आता बरं वाटेल,” असं म्हणून ती कपबशी घेऊन गेली.

भिंतीकडे बघत वस्ताद दीड तास बसले. त्यामुळे कडी वाजली तेव्हा आत कोण आलं, ते त्यांना दिसलं नाही. पावलं ओळखीची होती, पण एक पाय ओढत पडत होता.

ती समोर येऊन खाली बसली. सलवार गुडघ्यावर फाटली होती, रक्त वाळून काळं झालं होतं. मांडीवर वर्तमानपत्राचं पुडकं होतं, त्यातून चेनचं टोक लोंबत होतं.

पुलाच्या चढावर चेन गेली होती, चाकात मात्र अडकली नव्हती. गाडी आडवी झाली. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला. तिथून तिनं गाडी ढकलत धुलाईखान्यापर्यंत नेली. पोचली तेव्हा पावणेतीन झाले होते. तिथल्या सुपरवायझर बाई काही वाकडं बोलल्या नाहीत. तिच्या गुडघ्याला त्यांनी स्वतः औषध लावलं आणि मग तिचं हजेरीचं कार्ड ठेवून घेतलं; नाव कमी झालं. परत येताना पुलावर बारातेरा भेटला. त्यानं वाटेतच थांबून रस्त्यावर पडलेली चेन उचलली, तिच्या टोकाला वाकून लटकलेली पट्टी बघितली आणि गाडी घरापर्यंत ओढत आणून दिली.

हे सगळं तिनं फरशीकडे बघत सांगितलं.

“त्यानं विचारलं, वहिनी, लॉक कुणी लावलं? म्हटलं, मी. तर म्हणाला, उलटं लागलं होतं.” तिनं वर बघितलं. “तोच शब्द. तुम्ही सांगत होतात.”

वस्तादांना खूप बोलायचं होतं. पाच महिने तू मला न्हाऊ घातलंस, भरवलंस, त्यात एका पट्टीची काय कथा. पॅच बघ, अजून हवा हललेली नसणार, माझ्या निम्म्या शागिर्दांना पहिल्या दिवशी असा जमला नव्हता. आणि तू परत आलीस. हे सगळं ओठांपर्यंत आलं.

“उलटं,” ते म्हणाले.

ती ताडकन उठली. “काय? काय उलटं आहे?” तिनं गॅसचं बटण बघितलं. दार बघितलं. त्यांचा लुळा पाय दुमडला नाही ना, ते बघितलं. त्यांच्या चेहऱ्याजवळ चेहरा आणून ती वाट बघत राहिली, आणि त्यांना काही दुसरं देता येईना.

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. सकाळी चहा छान झालाय म्हणायला गेले, तर तिनं चहाचा वास घेतला, ओतून टाकला आणि पुन्हा केला. घरातलं उरलेलं दूध त्यात संपलं. रात्री कूस बदलून हवी होती, तर तिनं गोळ्यांची सगळी पाकिटं काढून तारखा तपासल्या. ती झोपेतून दचकून उठायची. आठवड्याभरात तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. पूर्वी तो शब्द ती ऐकत नव्हती. आता प्रत्येक वेळी ऐकत होती, आणि प्रत्येक वेळी कुठलीतरी चेन सुटणार असल्यासारखी धावत होती.

मग वस्ताद बोलायचे थांबले.

रविवारी बारातेरा नवी चेन घेऊन आला. त्यानं ती चढवली, लॉक लावलं, आणि चाक असं फिरवलं की लॉक खुर्चीसमोर आलं. “बघा वस्ताद,” तो जुन्या सवयीनं म्हणाला. डोकं पुढे, शेपटी मागे. बायको हातातलं काम टाकून दारात आली. ती चेनकडे बघत नव्हती. वस्तादांच्या तोंडाकडे बघत होती.

वस्तादांनी ओठ घट्ट मिटून घेतले. ती बराच वेळ थांबली.

“बोलत नाहीत,” ती शेवटी म्हणाली. “म्हणजे बरोबर आहे.” आणि आत जाऊन तिनं त्या आठवड्यात पहिल्यांदा जरा आडवं व्हायला अंथरूण टाकलं. दुसऱ्या दिवशी तिला आणखी एका ठिकाणी कामाचं विचारायला जायचं होतं.

बारातेरा हत्यारं आवरत होता. ऊन खुर्चीपर्यंत आलं होतं. पाण्याचा पेला आज ओट्यावरच राहिला होता, आणि वस्तादांना मघापासून तहान लागली होती.