गणपूर्ती

तिसऱ्यांदा खासदार सभागृहाबाहेर पडला, तो मुद्दाम. दारापासून सात पावलांवर थांबून त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. वाकल्या मानेनेच त्याने चहाच्या खोलीकडे पाहिले. काचेच्या दारामागे सत्ताधारी पक्षाचे आठ-नऊ सदस्य बसले होते. त्या दाराशी उभ्या असलेल्या प्रतोदाने आत वळून नुसते एक बोट वर केले. जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक सदस्य हातातला कप तसाच ठेवून उठला आणि त्याच्या शेजारून, त्याच्याकडे न पाहता, सभागृहात गेला.

त्याने नाडी घट्ट केली, मनात पन्नासपर्यंत आकडे मोजले आणि तो परत आत जाऊन आपल्या जागेवर, खांबाआडच्या बाकावर बसला. मिनिटभरात जाड भिंगांचा सदस्य उठला आणि बाहेर गेला.

खासदाराने कार्यक्रमपत्रिका उलटी केली. तिच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने दोन रकाने आखलेले होते. एकात वेळ, दुसऱ्यात सभागृहातली डोकी. दोन वाजून दहा, सदतीस. दोन पंचवीस, सदतीस. पावणेतीन, अडतीस. दोन अठ्ठेचाळीस, पुन्हा सदतीस. त्याखाली त्याने लिहिले: तीन वाजून पाच, सदतीस.

हे काही ठीक नव्हते. शुक्रवारी दुपारी सभागृह कसे रिकामे होत जाते, हे चौदा वर्षांत त्याच्याइतके बारकाईने कुणी पाहिले नव्हते. आधी दूरच्या मतदारसंघांचे लोक जातात, मग डुलक्या घेणारे, मग त्यांना जाताना पाहणारे. मध्येच दोघे-चौघे परततात. पण आकडा तासभर एका जागी बसून राहत नाही. जो बसून राहतो, त्याला कुणीतरी धरलेले असते. प्रयोगशाळेत असा आकडा दिसला की तो आधी यंत्र तपासत असे आणि मग यंत्र चालवणारा माणूस.

कामकाज चालायला किमान चाळीस सदस्य हजर असावे लागतात. नियमाच्या भाषेत याला गणपूर्ती म्हणतात. मात्र चाळीस नसले तरी, कुणी उठून तसे म्हणेपर्यंत ते आहेत असेच धरले जाते. त्याच्या पक्षासारख्या एकाच सदस्याच्या पक्षाला भाषणाला दोन मिनिटे मिळतात, समित्यांवर जागा मिळत नाही. पण हे एक वाक्य बोलण्याचा अधिकार त्यालाही असतो. त्याने ते एकतीस वेळा बोलून दाखवले होते. एकतीस वेळा घंटा वाजली होती, सदस्य जेवणाचे हात धुवत धावत आले होते, आणि त्यातल्या सहा वेळा तरीही चाळीस न भरल्यामुळे घाईने रेटलेला एखादा कायदा पुढे ढकलावा लागला होता. सभागृहात त्याला नावाने कुणी हाक मारीत नसे. "आले बघा चाळीस," असे म्हणत. "काय हो चाळीस, तुमच्या पक्षाची बैठक म्हणे दाढी करताना होते?" तोही हसत असे. विनोद वस्तुस्थितीला धरून होता.

आज मात्र चर्चा चालली होती ती त्याच्याच विधेयकावर. अकरा वर्षे तो प्रत्येक अधिवेशनात अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या, विधेयकांच्या सोडतीत आपली चिठ्ठी टाकत आला होता. ती पहिल्यांदा निघाली, तीही या सभागृहाची मुदत संपायला एकच बैठक उरली असताना. सोमवारी शेवटची बैठक. तोवर जे मंजूर होणार नाही ते बुडाले. मग निवडणुका. विरोधी बाके केव्हाच प्रचाराला निघून गेली होती. त्याचा प्रतिस्पर्धी पंधरा दिवसांपासून दारोदार फिरत होता, आणि हा इथे डोकी मोजत बसला होता.

विधेयक तीन कलमांचे होते. सार्वजनिक नळाच्या पाण्याची तपासणी झाली की सात दिवसांच्या आत तिचा निकाल त्याच नळावर, वाचता येईल अशा अक्षरांत लावावा. एवढेच. निवडून येण्यापूर्वी एकोणीस वर्षे तो पाणी तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत होता. तिथे नमुने यायचे ते गावाच्या नावाने नव्हे, क्रमांकाने. तपासणाऱ्याचे मन कलू नये म्हणून. नमुना २१२ मध्ये शिसे प्रमाणाच्या नऊ पट निघाले. त्याने चाचणी दोनदा केली, सही केली, अहवाल खात्याकडे पाठवला. तो नळ त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या गल्लीतला होता, हे त्याला कळले एकोणीस महिन्यांनी. तपासणीच्या पद्धतीत कसलाही दोष नव्हता. ताईची मूत्रपिंडे त्या पाण्यानेच गेली, असे तो कधीही म्हणाला नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. गल्लीत अकरा घरे होती आणि डायलिसिसवर चार माणसे. तेवढे सांगून तो गप्प बसत असे.

"या विधेयकाला," मंत्री कागदावरून मान न उचलता वाचत होते, "शासनाचा विरोध असण्याचे कारण नाही."

बाके वाजली. मागच्या सगळ्या वर्षांत 'विचाराधीन आहे' यापलीकडे शब्द मिळाला नव्हता. खासदाराचा गुडघा बाकाखाली हलू लागला. त्याने तो हाताने दाबून धरला, तर दुसरा हलू लागला. सोमवारच्या कार्यक्रमपत्रिकेत एकच विषय होता, शासनाचे विधेयक: पाण्याची तपासणी सरकारी प्रयोगशाळांकडून काढून घ्यावी आणि ज्या कारखान्याचे सांडपाणी, त्यानेच ती करून घ्यावी. म्हणजे नळावर पाटी लागेल त्याच्या कायद्याने, आणि तिच्यावरचा आकडा लिहील कारखाना.

तो चौथ्यांदा बाहेर पडला. या वेळी नाडीचे निमित्त केले नाही.

"काय हे चाळीससाहेब, किती येरझाऱ्या घालाल!" प्रतोद म्हणाला. तो अंगाने भरलेला, बोलण्यात मिठ्ठास माणूस होता. शत्रूच्या मुलांचे वाढदिवससुद्धा त्याला पाठ असत. "साखर तपासून घ्या एकदा."

"सदतीसच का?"

"कसले सदतीस?"

"एकोणचाळीसही चालले असते."

प्रतोदाने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि मग तो अगदी मनापासून हसला.

"मानलं बुवा तुम्हाला. अहो, एकोणचाळीस ठेवले आणि एखादा वाट चुकलेला आत शिरला, की झाला घोटाळा. वीस ठेवले असते तर उद्या पेपरवाले हसले असते, तेही तुमच्याच कायद्याला. आम्ही तुमचाही विचार करतो."

"आणि सोमवारचाही."

"सोमवारी आमचेही पस्तिसाच्या वर जात नाहीत. प्रचार टाकून येतंय कोण?" त्याने आवाज खाली आणला नाही. तशी गरज नव्हती. "आज तुमचं होऊ द्या, सोमवारी आमचं होऊ द्या. तरी तुम्ही मोजायला उठलातच, तर शुक्रवारी किती होते हेही कुणीतरी विचारणारच की. हजेरीपट आहे, सह्या आहेत. मग दोन्ही कायदे एकदमच गाळात. कशाला ते? बहीणबाई आल्यात ना वर? चहा पाठवू त्यांना?"

"त्यांना चालत नाही."

तो दोन-दोन पायऱ्या चढत प्रेक्षक सज्जाकडे गेला. ताई सज्जाबाहेरच्या बाकावर बसली होती. पाय सुजल्यामुळे तिने चपला काढून ठेवल्या होत्या आणि त्यांच्याकडे ती परक्याच्या असाव्यात तशी पाहत होती. शुक्रवारची डायलिसिसची पाळी चुकवून ती आली होती. एके काळी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. शंभर माणसांचे बोलणे ऐकून एकाचेही मनावर न घेण्याची सवय तिला तेव्हापासूनची.

"झालं का?" तिने विचारले.

"होईल. दहा-पंधरा मिनिटांत."

"मग तोंड असं का? परीक्षेला बसल्यासारखं."

त्याने तिला सदतीसचे सांगितले. सोमवारचेही सांगितले. सांगताना तो बाकापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून बाकापर्यंत चालत होता.

"एका जागी उभं राहून सांग. मान दुखते माझी."

तो थांबला.

"म्हणजे आज तू गप्प बसलास तर पाटी लागते."

"हो."

"आणि सोमवारीही गप्प बसावं लागतं."

"हो."

"आणि मग पाटीवर ते लिहितील ते."

"हो."

ताईने पिशवीतून छोटी बाटली काढली, बूच उघडले, आतल्या पाण्याची पातळी उजेडात धरून पाहिली आणि न पिताच बूच लावले. दिवसाला दीड पेला, डॉक्टरांचा हिशेब होता.

"माझ्या तोंडाकडे बघू नकोस," ती म्हणाली. "अकरा वर्षं माझ्या नावानं मागत फिरलास. मी कधी म्हटलं होतं माग म्हणून? आता मी 'सोड' म्हणावं असं तुला वाटतंय. ते मी म्हणणार नाही. तुझं तू ठरव."

"ताई—"

"जा. तुझी जागा रिकामी राहिली की आणखी एकाला चहा सोडावा लागतोय."

तो खाली आला तेव्हा मंत्री बसले होते आणि अध्यक्ष उभ्या राहत होत्या. आत जाता जाता त्याने मोजले. मोजायचे नाही असे ठरवून मोजले. त्याच्या बदली आलेला सदस्य बाहेर पडला तसे त्याच्यासह सदतीस.

"प्रश्न असा आहे," अध्यक्ष महोदया म्हणाल्या, "की हे विधेयक मंजूर करण्यात यावे."

आणि त्या थांबल्या. थांबण्याचे काही कारण नव्हते. पण या जागी थांबून खांबाआडच्या बाकाकडे पाहायची त्यांनाही चौदा वर्षांत सवय लागली होती. सगळ्यांनीच तिकडे पाहिले. दुसऱ्या कुणी उठण्याची शक्यताच नव्हती. ते काम त्याचे होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते सुचणार नव्हते.

"अहो चाळीस, आज रजा टाका!" पुढून कुणीतरी म्हणाले, आणि सभागृह प्रेमाने हसले. इतक्या वर्षांत इतके प्रेमाने कधी हसले नव्हते.

तो उभा राहिला. हातातली कार्यक्रमपत्रिका त्याने बाकावर ठेवली.

"अध्यक्ष महोदया, सभागृहात गणपूर्ती नाही."

हसणे चटकन थांबले नाही. पुष्कळांना ती थट्टाच वाटली. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"माननीय सदस्य, चर्चा आपल्याच विधेयकावर आहे."

"माझ्याच आहे. मोजणी व्हावी."

घंटा वाजू लागली. नियमाप्रमाणे ती पाच मिनिटे वाजते. उघड्या दारातून चहाची खोली दिसत होती. काचेमागे जाड भिंगांचा सदस्य सवयीने अर्धवट उठला. शेजाऱ्याने त्याला बाहीला धरून खाली बसवले; चाळीस भरून विधेयक मंजूर झाले, तर सोमवारी खासदाराला अडवायला काहीच उरणार नव्हते. प्रतोद दाराच्या बाहेर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब चुकलेला आणि चूक कुठे झाली ते न सापडलेला माणूस जसा दिसतो, तसा तो दिसत होता. पाच मिनिटांत आत कुणी आले नाही. मार्शलने रांगेरांगेतून फिरून मोजले आणि चिठ्ठी वर दिली. बैठक सोमवारपर्यंत तहकूब झाली.

सज्जात पाहण्याचे धैर्य त्याला लगेच झाले नाही. पण त्याने पाहिले तेव्हा ताई तिथे नव्हती. ती खाली, टॅक्सीच्या रांगेत उभी होती.

"पाचच्या पाळीला जागा आहे," ती म्हणाली. "फोन केला मी. बस."

  टॅक्सीत, दोन चौक गेल्यावर ती म्हणाली, "गुडघा थांबव. सगळी गाडी हलतेय." त्याने गुडघा थांबवला. मग एका सिग्नलला, खिडकीबाहेर पाहत, ती हळूच म्हणाली, "अकरा वर्षं," आणि बराच वेळ तोंड तिकडेच ठेवले.

केंद्रात सात खाटा होत्या आणि सात यंत्रे एकाच सुरात घुमत होती. परिचारिकेने ताईचे वजन घेतले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अडीच किलो जास्त. पाळी चुकवून कुठं गेला होतात, ताई?"

"आमच्या खासदाराचं कामकाज बघायला."

"मग? काय झालं तिथं?"

"मोजणी," ताई म्हणाली, आणि दंड पुढे केला.

सुई टोचताना तिने डोळे मिटले नाहीत. तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता, मग खिडकीपाशी, मग पुन्हा पायथ्याशी. नळीतून रक्त यंत्राकडे जाऊ लागले तसा ताईने मोकळा हात उचलून परिचारिकेला जवळ बोलावले.

"सोमवारी मला सकाळची पाळी द्या. लवकरात लवकरची."

"सोमवारी तर तुमची दुपारची असते."

"दुपारी काम आहे."

"ताई, तू नको येऊस," तो म्हणाला. "चार तास बसावं लागेल. आणि तिथं बघण्यासारखं काहीही नसतं."

"किती जण येत नाहीत ते बघायला येते," ताई म्हणाली. "तू स्टूल ओढ आणि बस."